परबकाकांचा जोडपेशा

परबकाकांनी आयुष्यभर दुसऱ्यांची जनावरं तपासली. स्वतःचं म्हणून त्यांनी एकच जनावर पाळलं. ते रानडुक्कर होतं, आणि ते आमच्या वाचनालयाच्या संगणकात राहायचं.

आमचं गाव मसुऱ्याच्या अलीकडे. तिथल्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. दोन खोल्या, सहा कपाटं, भिंतीवर 'शांतता राखा' असा फलक आणि एका देणगीदाराने दिलेला संगणक. गावात बाकी कुठे इंटरनेट धड चालत नाही, आमच्याकडे चालतं. त्यामुळे रोज चारच्या सुमारास परबकाका यायचे, चपला दारात अगदी जोडून ठेवायचे, मला "बाय, लाव गो" म्हणायचे आणि संगणकासमोर बसायचे.

जनार्दन परब हे जनावरांच्या दवाखान्यातले निवृत्त पर्यवेक्षक. गावाच्या भाषेत 'ढोरांचो डॉक्टर'. ठेंगणे, काटक, सदऱ्याची उजवी बाही कायम खांद्यापर्यंत दुमडलेली आणि डावी मनगटाशी बटण लावून बंद. अडलेल्या गाईंच्या पोटात हात घालून घालून ती सवय लागली होती. लग्नाला जातानाही ते बाही खाली करत नसत. माणसांशी बोलायची त्यांची पद्धत जनावरांशी असायची तशीच होती, म्हणजे ते फारसं बोलतच नसत, बघत असत. माझ्या सासूबाई तापाने पडल्या तेव्हा काका बघायला आले, दारातूनच त्यांच्याकडे दोन मिनिटं टक लावून पाहिलं आणि मला म्हणाले, "कान पाडूक नाय हत. उद्या उठतली." सासूबाईंनी पुढे वर्षभर त्यांना चहा दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या उठल्या होत्या.

जनावरांना ते कधी नाव देत नसत. गावातल्या गाईम्हशींना तांबू, हरणी अशी नावं होती, पण काका त्यांना 'ती गाय' आणि 'ती म्हस' म्हणायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "नाव घेतला की सुई मारूक हात उचलना नाय."

नोकरीत असताना त्यांच्याकडे आणखी एक काम असायचं, शेतकऱ्यांना जोडधंदा समजावून सांगण्याचं. भात हा मूळ धंदा, कोंबड्या हा जोडधंदा. काजू मूळ, शेळ्या जोड. हे ते इतक्या मनापासून सांगायचे की लोकांना खरं वाटायचं. भिकाजी तेंडोलकरांना तर फारच खरं वाटलं. त्यांनी ससे पाळायचं ठरवलं. काकांनी स्वतः घाटावर जाऊन बारा ससे निवडून आणले, सहा नर, सहा माद्या. भिकाजींनी काजूच्या बागेत पिंजरे बांधले. पिल्लं झाल्यावर ठेवायला आणखी वीस पिंजरे बांधले. सहा महिने गेले, वर्ष गेलं. भिकाजी रोज सकाळी पिंजऱ्यात डोकावायचे. बारा ससे बाराच राहिले, फक्त मोठे झाले आणि एकमेकांचे कान फाडू लागले. शेवटी मालवणहून कोणी जाणता माणूस आला, त्याने एकेक ससा उलटा करून पाहिला. बाराही नर होते.

गाव महिनाभर हसत होतं. भिकाजींच्या बागेला लोकांनी 'मठ' नाव ठेवलं, ते अजून आहे. भिकाजींनी परबकाकांशी बोलणं सोडलं. ते वाचनालयात यायचे, काकाही यायचे, पण भिकाजी वर्तमानपत्र असं उभं धरायचे की काका दिसू नयेत. काकांनी त्या सशांबद्दल कधी काही म्हटलं नाही. फक्त त्या वर्षानंतर त्यांनी कोणाला जोडधंदा सांगितला नाही. शेतकरी विचारायला आले तर म्हणायचे, भात करतास मां, मगे भातच करा.

निवृत्तीनंतर ते आणखीच गप्प झाले. त्यांची मुलगी शुभा ठाण्याला नोकरी करते. ती रोज फोन करायची. जेवलात? जेवलो. बरे आहात? बरो आसंय. मग काका फोन वत्सलाकाकूंकडे द्यायचे. शुभाने काही वर्षं हे सहन केलं आणि मग एका गणपतीला आली तेव्हा वडिलांना वाचनालयात घेऊन येऊन एका ऑनलाइन खेळात त्यांचं नाव घातलं. ती स्वतः तो खेळ खेळायची. तिचं म्हणणं, फोनवर नाही बोलत तर निदान शेजारी उभे तरी राहतील.

तो खेळ मला काकांमुळे जितका कळला तितकाच सांगते. त्यात एक मोठं जग असतं, डोंगर, जंगलं, दलदली. माणसं आपापल्या घरून त्यात शिरतात, टोळी करतात आणि राक्षसांशी लढतात. प्रत्येकाने सुरुवातीला एक पेशा निवडायचा, योद्धा, जादूगार, वैदू असा. पुढे थोडी प्रगती झाली की दुसरा एक पेशा जोडीला घेता येतो. त्या दुसऱ्या पेशाची हत्यारं हातात धरता येतात, पण ती निम्म्याच जोराने चालतात. आणि जनावर पाळायचं असेल तर शिकाऱ्याचा पेशा लागतो.

शुभाने काकांना वैदू केलं. काका मुकाट्याने पांढरी काठी घेऊन टोळीमागून फिरायचे आणि कोणी घायाळ झालं की त्याला औषध द्यायचे. मग एक दिवस पडद्यावर प्रश्न आला, दुसरा पेशा कोणता? काका पाच मिनिटं बघत राहिले. मला हाक मारून म्हणाले, "बाय, ह्यो जोडधंदो विचारता." त्यांचा आवाज मला आठवतो. खूप वर्षांनी कोणी जुनं माणूस दारात उभं राहावं तसा.

त्यांनी शिकारी निवडला. पांढरी काठी पाठीला बांधली आणि धनुष्य घेतलं. धनुष्य उचललं की प्रत्येक वेळी पडद्यावर सूचना यायची की हे शस्त्र तुमच्या मूळ पेशाचं नाही. काका प्रत्येक वेळी "म्हायत आसा" म्हणायचे आणि पुढे जायचे. त्यांचा बाण राक्षसाला लागला की राक्षस मान वळवून बघायचा फक्त. आणि मग त्यांनी जंगलात फिरून एक जनावर धरलं. लोक वाघ धरतात, अस्वल धरतात. काकांनी रानडुक्कर धरलं. खेळाने नाव विचारलं तेव्हा त्यांनी टाईप केलं: डुक्कर.

शुभाची टोळी वैतागली. त्यांना वैदू हवा होता आणि त्यांच्या वाट्याला अर्ध्या जोराचा तिरंदाज आला होता. टोळीत साताऱ्याकडचा एक अस्सल शिकारी होता, त्याच्याकडे वाघ होता. शिट्टी वाजवली की वाघ उडी मारायचा. काकांचं डुक्कर आज्ञा दिल्यावर थोडा विचार करायचं, कारण जोडपेशातलं जनावर उशिरा ऐकतं असा नियमच होता. साताऱ्याचा गडी ते बघून हसायचा. काकांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते हेडफोन न लावता स्पीकर मोठ्याने चालू ठेवायचे. त्यामुळे हे हसणं सगळ्या वाचनालयाला ऐकू यायचं. काका शांतपणे म्हणायचे, "तेका आधी कळूक व्हया, मगे करतला."

आणि बोलू लागले ते, मुख्य म्हणजे. डोंगर चढताना शुभाला विचारायचे, तुझ्या घरमालकिणीचं काय झालं. शुभा सांगायची. मग ती विचारायची आणि काका सांगायचे, की आज आईने तिसळ्या केल्या होत्या, मीठ जास्त पडलं, सांगितलं नाही. वर्तमानपत्रं वाचणारे लोक पान उलटायचे थांबून ऐकायचे.

डुकरासाठी काकांनी लसीकरणाचं एक जुनं कोरं रजिस्टर काढलं होतं. तारीख, लक्षणे, उपचार, शेरा. 'डाव्या खांद्यास जखम. औषध दोनदा. शेरा: खाणे चांगले.' रोज लिहायचे.

त्या वर्षी रानडुकरांनी आमच्याकडे कहर केला होता. भिकाजींचं सगळं सुरण आणि अर्धं भात एका आठवड्यात उकरून टाकलं. भिकाजी असेच संतापलेले रस्त्याने चालले होते आणि परबांच्या कुंपणाजवळ त्यांना आवाज आला. काका फोनवर होते. "डुकराक कालपासून काय घालूक नाय," ते सांगत होते. "आता वाचनालयात जातंय मां, थंय घालतंय."

भिकाजींनी त्याच दिवशी वनखात्याकडे लेखी तक्रार केली. सेवानिवृत्त पर्यवेक्षक श्री. परब यांनी सार्वजनिक वाचनालयात रानडुक्कर बेकायदा पाळले असून तेच रोज माझ्या शेतात सोडले जाते.

तीन दिवसांनी वनरक्षक सावंत आले. सावंत आमच्याच बाजूचे, पण खाकी अंगावर असली की शुद्ध बोलायचे. त्यांनी माझ्याकडे कपाटांच्या किल्ल्या मागितल्या. सहाही कपाटं उघडून पाहिली. कादंबऱ्यांमागे वाकून पाहिलं. मागच्या खोलीत जुन्या अंकांचे गठ्ठे हलवले. काका संगणकापाशी बसले होते. सावंत त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या ताब्यात वन्यप्राणी आहे काय?"

काकाही सरकारी नोकरीतले. ते उठून उभे राहिले. "होय," म्हणाले. "आहे."

"कुठे आहे?"

काकांनी पडद्याकडे बोट दाखवलं. डुक्कर एका झाडाखाली बसलं होतं.

सावंतांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. तक्रार लेखी होती, त्यामुळे पंचनामा लेखीच करणं भाग होतं. पंच म्हणून मला आणि भिकाजींना सह्या कराव्या लागल्या. पंचनाम्याची प्रत अजून माझ्या खणात आहे. 'सदर प्राणी वाचनालयाच्या संगणकात झाडाखाली बसलेल्या स्थितीत आढळून आला. प्रकृती उत्तम. संबंधितांनी उपचाराची नोंदवही दाखल केली, ती व्यवस्थित आढळली. प्राणी संगणकाबाहेर येत नसल्याची पंचांसमक्ष खात्री करण्यात आली.' भिकाजींनी सही केली, पण खाली स्वतःच्या हाताने 'सध्या' असा शब्द वाढवला.

सह्या झाल्यावर सावंतांनी कागद घडी करून खिशात ठेवले, मग खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बसले. "काका," ते हळू आवाजात म्हणाले, "तेका जरा धावडवा बघूया."

त्या दिवसापासून सावंत आठवड्यातून दोनदा येऊ लागले. आणि भिकाजींचं वर्तमानपत्र थोडं खाली आलं. उघड बघायचे नाहीत, पण वरच्या कडेवरून डोळे दिसायचे. शत्रूवर लक्ष ठेवतो म्हणायचे.

मग ती कुर्ली आली. खेळात तिचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण पडद्यावर ती दिसताक्षणी वाचनालयातले सगळे "कुर्ली" म्हणाले. दलदलीतून वर आलेली, देवळाएवढी खेकडी. शुभाच्या टोळीने दोनदा तिच्याकडून मार खाल्ला होता आणि तिसऱ्यांदा हरले तर टोळी मोडायची असं बाकीच्यांनी ठरवलं होतं. शुभा आदल्या दिवशी वडिलांना म्हणाली होती, बाबा, उद्या फक्त काठी घ्या. धनुष्य नको, डुक्कर नको. टोळी मोडली तर आपलं रोजचं बोलणंही मोडेल. काका बरं म्हणाले होते.

लढाई साडेपाचला सुरू झाली. काकांनी पांढरी काठी हातात घेतली होती. डुक्कर मात्र बरोबर आलं होतं. घरी ठेवायची सोय नाही, असं त्यांनी सांगितलं. शुभा तलवार घेऊन पुढे, साताऱ्याचा गडी आणि त्याचा वाघ बाजूला, आणखी दोघं मागे. वाघाने शिट्टीसरशी कुर्लीच्या तोंडावर झेप घेतली. तिने त्याला एका नांगीत उचललं आणि प्रकरण संपलं. मग त्याचा मालक पडला. मागचे दोघं पडले. काका एकाला औषध देईपर्यंत दुसरा आडवा होत होता. डुक्कर नेहमीप्रमाणे विचार करत करत चिखलातून लांबचा वळसा घेऊन कुर्लीच्या मागे पोचलं होतं आणि तिथे एकटंच टकरा देत होतं. तेही रक्तबंबाळ झालं होतं.

"बाबा," स्पीकरमधून शुभाचा आवाज आला. "मला औषध द्या. शेवटचंच आहे ना? मला द्या."

एकच औषध उरलं होतं. पुढचं तयार व्हायला वेळ लागणार होता. काकांचा हात थांबला. माझ्या लक्षात आलं की वाचनालयात कोणीच वाचत नव्हतं.

आणि मागून भिकाजी बोलले. इतक्या वर्षांनी. वर्तमानपत्र मांडीवर पडलेलं, नजर पडद्यावर.

"परबांनू," ते म्हणाले, "डुकराक द्या."

काकांनी मान वळवली नाही.

"कुर्लेक फुडसून कोण धरता? मागसून धरूची. मागे ता डुक्कर एकटाच आसा."

काकांनी औषध डुकराला दिलं. पुढच्याच क्षणी नांगी आली आणि शुभा खाली पडली.

"बाबा," ती म्हणाली, "मी मेले."

"हां," काका म्हणाले. "दिसला माका. जरा थांब."

मग त्यांनी काठी पाठीला लावली आणि धनुष्य काढलं. सूचना आली की हे शस्त्र तुमच्या मूळ पेशाचं नाही. पुढचा एक तास दहा मिनिटं काय झालं ते सांगायला सोपं आहे. कुर्ली काकांच्या मागे यायची, काका पळायचे, थांबून एक बाण मारायचे. त्या बाणाने तिला मुंगी चावल्याइतकं व्हायचं, पण ती वैतागून पुढेच बघायची. मागून डुक्कर टक्कर द्यायचं. पुढचं औषध तयार झालं की काका काठी काढून ते डुकराला द्यायचे, पुन्हा धनुष्य. मेलेले चौघं जमिनीवर पडून बघत होते, स्पीकरमधून त्यांचे आवाज येत होते. साताऱ्याचा गडी सुरुवातीला हसत होता, मग गप्प झाला, मग "काका, डावीकडून" असं सांगू लागला. साडेसहाला वाचनालय बंद करायची वेळ झाली. मी उठले नाही. मध्येच वीज गेली, संगणक बॅटरीवर चालू लागला आणि टूं टूं करू लागला. बॅटरी किती टिकते ते मला माहीत होतं, म्हणून मी सांगितलं नाही. दहाव्या मिनिटाला वीज आली तेव्हा सावंतांनी हात जोडले, कोणाला ते कळलं नाही.

पावणेसातच्या आत कुर्ली उलटी पडली. डुक्कर तिच्यावर चढून बसलं, आज्ञेशिवाय.

टाळ्या वाजल्या. 'शांतता राखा'च्या खाली त्या पहिल्याच. बक्षीस म्हणून काकांना एक सोन्याची काठी मिळाली, वैदूची. त्यांनी ती न बघता पेटीत टाकली आणि रजिस्टर उघडलं.

भिकाजी उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. बराच वेळ डुकराकडे बघत होते.

"परबांनू," ते म्हणाले, "ह्या नर काय मादी?"

काकांचं पेन थांबलं. सगळं वाचनालय थांबलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पडद्याजवळ तोंड नेऊन नीट पाहिलं.

"माका इचारू नकोस," ते म्हणाले.

आधी भिकाजी हसले. मग काका. त्याआधी मी काकांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. ते आवाज न करता हसायचे, खांदे हलवून, आणि डोळ्यांतून पाणी यायचं. शुभा स्पीकरमधून विचारत होती काय झालं, काय झालं, आणि तिला कोणी सांगेना.

वत्सलाकाकूंना मात्र हे अजिबात आवडलं नाही. सख्ख्या मुलीला मरू दिलं आणि डुकराला औषध घातलं, ही बातमी त्यांच्यापर्यंत याच शब्दांत पोचली. त्या दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत. शुभानेच शेवटी फोन करून आईची समजूत घातली. म्हणाली, अगं, लढाई संपल्यावर पाच मिनिटांनी मी उठले, मला काही झालं नाही. त्यावर काकू म्हणाल्या, तुका झाला नाय, पण ह्येंका म्हायत होता काय?

टोळी मोडली नाही. साताऱ्याच्या गड्याने पुढे दुसरा पेशा म्हणून वैदू घेतला. भिकाजी रोज काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसू लागले आणि जे कळत नाही त्याबद्दल सल्ले देऊ लागले. दुपारी शेतात रानडुकरांना शिव्या घालून यायचे आणि चार वाजता आमच्या डुकराने खाल्लं का विचारायचे. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं, आणि मलाही वाटेनासं झालं.

मग काकांना धाप लागू लागली. शुभाने दोघांना ठाण्याला न्यायचं ठरवलं. गेल्या वर्षी काका तिथेच वारले. शुभाने मला फोन करून सांगितलं, मी भिकाजींना सांगितलं. भिकाजींनी वर्तमानपत्र वर उचललं आणि त्या दिवशी ते खाली घेतलं नाही.

पण मला ते शेवटचे दिसले ते ठाण्याला जायच्या दिवशी, वैभववाडीच्या स्टेशनवर. काकूंचं माहेर तिकडे, म्हणून ते तिथून गाडीत बसणार होते. मी ग्रंथपालांच्या बैठकीला वैभववाडीला गेले होते, म्हटलं निरोप द्यावा. फलाटावर काकू तीन पिशव्या सांभाळत उभ्या होत्या आणि काका बाकाशेजारी जमिनीवर बसले होते. पुढ्यात एक भटका कुत्रा, पायाला काच लागलेला. काकांनी काच काढली होती. मला बघून नमस्कार वगैरे नाही, हात पुढे केला आणि बैठकीत मिळालेली माझी कापडी पिशवी मागितली. तिचा बंद टर्रकन फाडला आणि जखमेवर बांधू लागले.

गाडी आली. काकू चढल्या, पिशव्या चढवल्या, दारातून हाका मारू लागल्या. काका गाठ मारत होते. एकदा मारली, सैल वाटली, सोडली, पुन्हा मारली. गाडीने शिट्टी दिली. मी म्हटलं, काका, उठा. ते उठले, गुडघे झटकले, धापा टाकत चार पावलं धावले. काकूंनी आणि आणखी एका माणसाने त्यांना हलत्या गाडीत ओढून घेतलं. मला वाटलं आता मागे वळून हात करतील. त्यांनी दाराची दांडी धरून बाहेर मान काढली आणि ओरडून सांगितलं, "परवा पट्टी सोड गो!"

वैभववाडी आमच्या गावाहून काही जवळ नाही. मी दोन दिवसांनी रजा घेऊन एस.टी.ने पुन्हा तिथे गेले. कुत्रा फलाटाच्या टोकाला उन्हात झोपला होता. पट्टी सोडताना तो गुरगुरला, पण मनापासून नाही. जखम कोरडी होती. त्याने माझा हात एकदा हुंगला आणि उठून तीन पायांवर नव्हे, चारही पायांवर पाण्याच्या नळाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज भरायचा होता. 'रजेचे कारण' या रकान्यात मी लिहिलं: वैद्यकीय.